गाभणीवर बाण

माझा स्वभाव तापट आहे. चहा उकळत ठेवला तरी मी तीनदा झाकण उचलून बघतो. असल्या माणसाच्या हाती तिरकमठा देऊ नये असं माझा बा म्हणायचा, आणि तरी त्यानं तो माझ्या हाती दिला. त्याच्या मते थांबायला शिकवणारी दुसरी शाळा आमच्या पाड्याच्या आसपास नव्हती.

पाडा जव्हारकडच्या डोंगरात. घराच्या मागं पाऊल टाकलं की चढ, पुढं टाकलं की उतार. सपाट जागा फक्त शाळेपुढची, तीही मास्तरांनी पोरांकडून खणून घेतलेली. बा कामठा करायचा तो बांबूचा, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चोयीची. शिकारीला सरकारची बंदी होतीच, पण त्या बंदीला आमचा डोंगर चढून यायला बरीच वर्षं लागली. तोवर बा सशाच्या, भेकराच्या मागं जायचा आणि मला न्यायचा. वारा आपल्या तोंडावर हवा, हे त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं. जखमी जनावर रानात सोडून घरी यायचं नाही, हे दुसऱ्या दिवशी. आणि गाभणीवर बाण नाही, घरात दाणा नसला तरी नाही. बाकी सगळ्याची कारणं तो सांगायचा. याचं कारण विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

पुढं मी आयटीआय केलं, पंप आणि मोटारी शिकलो आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कतारला आलो. चार-पाच वर्षांनी बायको-मुलगीही आल्या, दोहातल्या अल मन्सूरात दोन खोल्या घेतल्या. काम मात्र दोहापासून तासाभरावर, एका मोठ्या माणसाच्या मजऱ्यात. मजरा म्हणजे शेतवाडी, पण ही वाडी आमच्या चार गावांएवढी. आठवडाभर मी तिथंच पंपाशेजारच्या खोलीत राहायचो, गुरुवारी संध्याकाळी पिकअपमधून घरी. मालकाला हरणांचा नाद होता. रीम नावाची वाळूच्या रंगाची हरणं, आपल्या चिंकाऱ्याची जवळची नातेवाईक, साठेक तरी असतील. त्यांच्यासाठी कुंपण घालून एक मोठा तुकडा तसाच सोडला होता. त्यात चुनखडीची उभ्या कडांची टेकाडं होती आणि मधल्या घळींत बोरी आणि बाभळी दाटलेल्या. पहिल्यांदा ती बोर बघितली तेव्हा मी खाली पडलेलं फळ उचलून तोंडात टाकलं. चव तीच होती. मला इतका आनंद झाला की उगाच एकट्यानं हसत बसलो.

नर्सरीत वेलांना आधार द्यायला भारतातून बांबू यायचे. त्यातला एक बरा बघून मी कामठा केला. दोरी नायलॉनची, पिसं कबुतरांची. पूर्ण ताकदीचा नाही, हौसेपुरता. दुपारी सगळे झोपले की पंपघरामागं कोंड्याच्या पोत्यावर नेम धरायचो. हे फक्त हाजीला माहीत होतं. हाजी म्हणजे हरणं सांभाळणारा सुदानी म्हातारा, सत्तरीला टेकलेला, मजऱ्यात सगळ्यात जुना. तो पोत्याकडे बघून म्हणायचा, "मर गया, खलास, अब पकाओ!"

त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मादीच्या गळ्यात तार अडकली. जुन्या कुंपणाचा तुटका फास होता. काही दिवसांत तो मांसात रुतला, जखम चिघळली, माश्या बसायला लागल्या. पकडायला म्हणून सहा-सात माणसं जाळं घेऊन दोनदा धावली आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आली. त्यानंतर ती माणसांचा घोळका दिसला की टेकाडापलीकडे जायची. एकट्या हाजीला पंधरा पावलांवर येऊ द्यायची, त्याहून जवळ नाही. आणि ती गाभण होती. पोट दुरूनही दिसत होतं.

गुरुवारी दुपारी मुदीर, म्हणजे मजऱ्याचा मॅनेजर, सांगून गेला की शनिवारी मालकाचे पाहुणे येणार, सडक्या गळ्याचं जनावर त्यांच्या नजरेला पडता कामा नये. शनिवारी सकाळी गोळी घाला. तो काही दुष्ट नव्हता. त्याच्या मते जनावराचे हाल संपवणं हाच उपाय होता.

हरणांची डॉक्टर पुण्याची होती, दोहातल्या मदिनत खलीफात राहायची, बोलायला जलद आणि उंचीनं माझ्या खांद्याएवढी. ती तडक माझ्या पंपघरात आली.

"माझी डार्ट गन रिपेअरला गेलीय, दहा दिवस येत नाही. फुंकनळी आहे, पण माझी फुंकर दहा पावलांपलीकडे जात नाही. हाजी म्हणतो तुम्ही धनुष्यबाण चालवता. किती लांब जातो?"

"जातो हो लांब. पण ती गाभण आहे, डॉक्टर."

"म्हणून तर आले. नुसतं झोपवून तार काढायचीय. दोन जीव आहेत."

मग मी तिला बाचा नियम सांगितला. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. एवढंच म्हणाली, "शनिवारी जो बंदूक चालवेल, त्याचा असा काही नियम आहे का?"

मला राग आला. खरं बोललेलं मला पटकन लागतं. मी म्हणालो, मला शिकवू नका, आणि मोटारीचं झाकण उघडून उगाच आत बघत बसलो. ती गेली नाही. पाच मिनिटांनी मीच विचारलं, "सुई केवढी आहे?"

फुंकनळीचा डार्ट म्हणजे लहानशी सिरिंज, मागं केशरी लोकरीचा झुपका. तो बाणाच्या टोकाला बसवून आम्ही गवताच्या गठ्ठ्यावर पाणी भरून मारून बघितला. पहिले तीन बाण टोकाच्या वजनानं जमिनीत गेले. मी जाड काठी घेतली, पिसं मोठी लावली, नेम वर धरला. मग दहातले आठ बसायला लागले. कामठा मऊ आहे याचाच डॉक्टरला आनंद. जोराचा असता तर मांडीचं हाड मोडलं असतं. झोपेचं औषध मात्र एका वेळेपुरतंच होतं. तिनं मला सगळं नीट समजावलं. बाण मांडीवरच हवा, पोटाला लागला तर संपलं. लागल्यावर ती पळेल आणि सात-आठ मिनिटांत कुठंतरी पडेल. मान खाली करून उतारावर पडली तर गुदमरेल. म्हणजे पडल्याबरोबर कुणीतरी तिच्यापाशी पोचायला हवं.

"मला पळता येत नाही," डॉक्टर म्हणाली. "गुडघा."

मी घरी फोन केला, या शुक्रवारी येत नाही म्हणून. मुलगी सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. "यू ऑल्वेज डू धिस, बाबा," म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

शुक्रवारी उजाडताच निघालो. आंघोळ केली नाही, साबणाचा वास नको म्हणून. अंगाला बाभळीचा पाला चोळला. डॉक्टर आणि हाजी टेकाडावर, मी एकटा खाली घळीत. तिथला वारा वायव्येचा, त्याला शमाल म्हणतात. तो तोंडावर घेऊन मी बानं शिकवलं तसा निघालो. आधी वाकून, मग गुडघ्यांवर, मग पोटावर. चुनखडीचे खडे कोपरांत घुसत होते. बोरीच्या आडून ती दिसली, चरत होती. चाळीस पावलं. पस्तीस. माझ्या अंगात सोळा वर्षांचा पोर संचारला होता. मनात म्हटलं, विसरलो नाही मी काही.

तिनं मान वर केली, नाकातून शीळ घातली आणि गेली.

मी वळसा घालून पुन्हा गेलो, यावेळी घळीच्या कडेकडेनं, आणखी सावकाश. अर्धा तास पोटावर होतो. तीस पावलांवर तिनं पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळी तर तिनं मला साठ पावलांवरून हेरलं. मी उठलो, हातातला खडा जमिनीवर आपटला आणि त्या हरणीला, वाऱ्याला, मुदीराला आणि नायलॉनच्या दोरीला एका दमात शिव्या दिल्या. ऊन चढायला लागलं होतं. उन्हात हे औषध द्यायचं नाही, दहाच्या आत झालं तर झालं, असं डॉक्टरनं बजावलं होतं. घड्याळात साडेआठ वाजले होते.

टेकाडावर पोचलो तर हाजी हसत होता. मी त्याच्यावर खेकसलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम कुत्ता है?"

"क्या?"

"कुत्ता ऐसे आता है. पेट पे. पिछले साल रात को आया, चार बच्चा खाया. आदमी खडा आता है." त्यानं आपली दाण्याची बादली माझ्यापुढं धरली. "खडा होके जाओ. यल्ला, चलो."

मी खाली बसलो. तोंडात मारल्यासारखं झालं. माझी सगळी विद्या रानातल्या जनावराची, आणि ही तर हाजीच्या हातची बाटली पिऊन वाढलेली. लपणं हाच तिच्या लेखी गुन्हा होता. माझा बा इथं असता तर तोही पोटावरच सरपटला असता आणि माझ्याइतकाच आपटला असता, एवढाच मला दिलासा.

हाजीचा मळका कोट अंगात घातला. हाजी करतो तशी बादली खुळखुळवत मी सरळ उभ्यानं, भर उजेडात तिच्याकडे चालत गेलो. कामठा कोटाच्या आत बगलेला. शिकारी म्हणून मला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. ती बघत राहिली. पळाली नाही. मी बादली खाली ठेवली, दाणे थोडे बाहेर सांडले आणि हाजीसारखाच पंधरा पावलं मागं सरकून उभा राहिलो.

ती आली. एक पाऊल, मग थांबून दुसरं. गळ्याचा वास माझ्यापर्यंत आला. तिनं बादलीत तोंड घातलं. तार टोचत असावी, घास गिळताना ती डोळे मिटत होती.

मी कामठा काढला. बाण लावताना मला लाज वाटली, हे कबूल करतो. लपून मारणाऱ्याला जनावर निदान ओळखत तरी नसतं. ही मला हाजी समजून आली होती, माझ्यासमोर खात होती, आणि पोटात पिल्लू होतं. मी मनात बाची माफी मागितली. मग तिची. दोरी अर्धीच ओढली आणि मांडी बघून सोडली.

बाण लागल्याचा आवाज अगदी हलका आला. ती हवेत उडाली, काठी गळून पडली, केशरी झुपका मांडीला तसाच राहिला. आणि ती समोरच्या टेकाडाच्या उभ्या कडेवरून वर चढून पलीकडे दिसेनाशी झाली.

मी धावलो. कड चढताना मला एक जुनी गोष्ट आठवली, नको असताना. सोळाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटा रानात गेलो होतो. भेकर होतं, बाण पोटाला लागला. रक्ताच्या मागं मी दोन उतार गेलो, मग अंधारायला लागलं आणि मी भिऊन घरी आलो. सकाळी बा मला घेऊन निघाला. दोन दिवस आम्ही ते रान पालथं घातलं, आणि दोन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. भेकर मिळालं नाही. ते कुठं आणि कसं मेलं असेल हे मी पुढं कितीतरी वर्षं बघत राहिलो. त्यानंतर कुठल्या जनावरावर मी बाण धरला नव्हता.

कडेवर पोचलो तर पलीकडे तीन घळी, आणि हरणी एकीतही दिसेना. पायाखाली सगळा दगड, खूर कुठं उमटणार? मी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं झाली होती. माझा स्वभाव सांगत होता, धाव, कुठल्यातरी घळीत शीर. मी शीर म्हणणाऱ्या स्वभावाला गप्प केलं आणि उकिडवा बसलो.

उन्हानं तिथले खडे वरून काळपट होतात, खालून पांढरे राहतात. हे मला पंपाचे पाइप टाकताना समजलं होतं. नजर जमिनीलगत नेली तर डावीकडे एक खडा पांढरा दिसला. पालथा झालेला. त्याच्या पुढं दोन हातांवर दुसरा. मग नुसत्या खरवडलेल्या दगडावर पिठासारखी रेघ. मी त्या पांढऱ्यांच्या मागं चालत सुटलो. धावलो नाही, कारण धावलो असतो तर चुकलो असतो. मधल्या घळीच्या तोंडाशी खडे संपले आणि वाळू लागली, तिथं खूर होते. एकमेकांत गुंतलेले, झिंगलेले. बाभळीच्या काट्याला केशरी लोकरीचा धागा.

बोरीच्या जाळीत ती पडली होती. उतारावर, तोंड खाली, जीभ बाहेर. मी जाळीत घुसलो, काटे कुठं कुठं लागले ते पुढच्या गुरुवारी घरी बायकोनं मोजले. तिची मान उचलून मांडीवर घेतली, नाकपुड्यांतला फेस पुसला. श्वास नव्हता. मी तिचं अंग ओढून चढाच्या बाजूला वळवलं आणि बरगड्यांवर थापट्या मारत ओरडलो, मराठीत, जे तोंडाला येईल ते. "घे ना गं, घे, घे की!" मग तिच्या छातीतून मोठी घरघर आली आणि श्वास सुरू झाला. मी रडत होतो. मला त्याची लाज वाटली नाही, बघायला तिथं कुणी नव्हतंच.

खिशात पक्कड होती. तार मांसात इतकी आत होती की पकडीचं टोक शिरायला जागा मिळेना. दोन ठिकाणी तोडली आणि तुकड्यातुकड्यानं ओढून काढली. एक हात तिच्या पोटाखाली आधाराला होता. त्या हाताला आतून काहीतरी लागलं. मला वाटलं माझीच नाडी असेल. मी हात तसाच ठेवला. पुन्हा लागलं, चांगलं ठणकावून. आतलं पिल्लू लाथ मारत होतं.

डॉक्टर गुडघा धरत आली तेव्हा मी तिला आधी ते सांगितलं, तारेचं नंतर. तिनं आपला हात ठेवला, तिलाही लागलं. "ओ माय गॉड," म्हणाली, आणि मग शुद्ध पुणेरीत, "अहो, हा तर जामच चिडलाय." जखम धुतली, मलम भरलं, एक सुई अशी आणि एक तशी दिली. शेवटची सुई झोप उतरवायची. "आता लांब व्हा," म्हणाली.

आम्ही घळीच्या वर जाऊन बसलो. हाजी आधीच तिथं बसून जप करत होता. दोन मिनिटांनी तिनं कान हलवला. मग मान. पुढचे पाय टेकवायला गेली आणि कोलमडली. हाजीनं माझं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्यांदा ती उभी राहिली, फाकलेल्या पायांवर, डुलत. मग चालायला लागली.

"शुक्रन," हाजी कुणाला तरी म्हणाला. मला की वरच्याला, मी विचारलं नाही.

शनिवारी मुदीरानं गळ्याला मलम लावलेली हरणी दुरून बघितली, खांदे उडवले आणि पाहुण्यांना दुसरीकडे फिरवलं. बंदूक निघाली नाही.

आठवड्याभरात ती हाजीच्या बादलीशी पुन्हा यायला लागली, अगदी पाच पावलांवर. माझ्याकडे मात्र नाही. मी हाजीचा कोट घालून बघितला, बादली खुळखुळवून बघितली. तीस पावलांवर थांबायची आणि टक लावून बघायची. सुरुवातीला मला वाईट वाटलं, मग राग आला, मग दोन्ही ओसरलं. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. ती मला अचूक ओळखत होती, एवढंच.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा ती पंधरा दिवस दिसली नाही. नंतर दिसली ती पिल्लासकट. सगळा कानांचा आणि पायांचा कारभार. दीडेक महिन्याचं झाल्यावर एका सकाळी मी त्या भागातला पाण्याचा व्हॉल्व्ह बदलायला गेलो होतो. बादलीतले मूठभर दाणे हातात घेऊन उगाच बसलो. ती नेहमीच्या तीस पावलांवर येऊन थांबली. पिल्लू थांबलं नाही. ते सरळ चालत आलं, माझे बूट हुंगले, गुडघा हुंगला आणि माझ्या तळहातात तोंड घातलं. नाक ओलं होतं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. तिकडे आईनं पाय आपटला. पुन्हा आपटला, जोरात. पिल्लानं तिचं ऐकलं नाही.